मावशीची हाक मुंबईपर्यंत!

साक्रीच्या बाजारात नागलीचे पापड विकणारी मावशी मोठ्याने हाक मारते. पण ती हाक मुंबईला कशी पोहोचणार बरं?

राज्य सरकारचे ‘उमेद’ अभियान २०११ पासून बचत गटांसाठी काम करते. त्याच्या मुंबईतल्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात गावोगावच्या बायका आपला माल मांडतात. विकता विकता एकमेकींचं पाहून शिकतातही. उजेडात फोटो काढायचा, वजन अन् किंमत लिहायची, व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. मग गिऱ्हाईक घरबसल्या पापड मागवतं!

मात्र जी शिकली, तिने गावी येऊन साऱ्या गटाला शिकवायला हवं. आणि हो, फोटोत पापड अख्खे अन् पाकिटात तुटके, असं झालं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. तुमच्या आईला फोटो काढायला मदत कराल ना?