खरा फोटॉन कोणता?

मुलांनो, तांदूळ निवडताना काळा खडा चटकन दिसतो. पण पांढरा, तांदळाएवढाच खडा असेल, तर तो नजर चुकवतो आणि जेवताना दाताखाली येतो. शास्त्रज्ञांनाही कधी कधी असेच निवडण्याचे काम करावे लागते. फरक एवढाच, की त्यांना जे निवडायचे असते, ते डोळ्यांना दिसत नाही.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ, सर्न नावाची संशोधन संस्था आहे. तेथे जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल एक गोल बोगदा आहे. त्याचा घेर २७ किलोमीटर आहे. या बोगद्यातील यंत्रात प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि समोरासमोर आदळतात. टक्कर झाली, की कितीतरी नवे कण चारी दिशांना उधळतात. त्यांत काही फोटॉन असतात.

फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. दिव्याच्या उजेडातही फोटॉनच असतात. पण टकरीतून निघणाऱ्या काही फोटॉनांची ऊर्जा त्यांच्यापेक्षा अब्जावधी पट जास्त असते. हिग्ज बोसॉन नावाचा कण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना अशा फोटॉनांच्या जोड्या हव्या होत्या. ‘बोसॉन’ हे नाव आपले शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले आहे. हिग्ज कण जन्मताच नाहीसा होतो. १,००० हिग्ज कणांपैकी सुमारे दोनच कण नाहीसे होताना दोन फोटॉन देतात.

मग फोटॉन ओळखायचा कसा? टकरीच्या जागेभोवती मोठी शोधयंत्रे उभारलेली असतात. त्यांपैकी एकाचे नाव सीएमएस. त्याच्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. या यंत्रात फोटॉनला अनेक परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा खुणेची. विद्युतभार असलेला कण यंत्राच्या आतल्या थरांतून जाताना आपल्या वाटेची खूण मागे ठेवतो. फोटॉनला विद्युतभार नसतो, म्हणून तो खूण न ठेवता पुढे जातो. इलेक्ट्रॉन बहुधा येथेच ओळखला जातो.

दुसरी परीक्षा स्फटिकांची. हिग्जच्या शोधाच्या वेळी सीएमएसमध्ये ७५,८४८ स्फटिक होते. ते काचेसारखे पारदर्शक, पण लोखंडापेक्षा जड असतात. फोटॉन स्फटिकात शिरला, की आपली जवळजवळ सगळी ऊर्जा तेथेच संपवतो आणि स्फटिक क्षणभर चमकतो. ती चमक मोजली, की ऊर्जा कळते. स्फटिकांच्या मागच्या थरातही पुष्कळ ऊर्जा आढळली, तर तो कण बहुधा फोटॉन नसतो.

तिसरी परीक्षा सर्वांत अवघड. पायॉन नावाचा एक विद्युतभार नसलेला कण मोठा तोतया आहे. तो फुटून दोन फोटॉन होतात. पण ते इतके जवळजवळ असतात, की एकच फोटॉन आल्यासारखे वाटते. मग चमक किती रुंद जागेत पसरली, हे तपासतात. एकट्या फोटॉनची चमक थोड्या जागेत असते, तोतयाची किंचित पसरट. शिवाय तोतया बहुधा इतर कणांच्या घोळक्यात सापडतो. म्हणून आसपासची गर्दीही पाहावी लागते.

तुम्ही म्हणाल, “परीक्षा आणखी कडक कराव्यात!” पण तसे केले, तर खरे फोटॉनही बाद होतात. सैल केल्या, तर तोतये आत येतात. शिवाय साध्या टकरींतूनही खऱ्या फोटॉनांच्या जोड्या निघतात. म्हणून एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. असंख्य जोड्यांची ऊर्जा मोजून आलेख काढतात. नवा कण असेल, तर आलेखात एका ठिकाणी उंचवटा दिसतो.

४ जुलै २०१२ रोजी सीएमएस आणि अ‍ॅटलस या दोन्ही गटांनी असा उंचवटा जाहीर केला. तो प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट वस्तुमानाजवळ होता. दुसऱ्या प्रकारच्या पुराव्यानेही तेच सांगितले. हाच हिग्ज बोसॉन! आपली इच्छा निवडीत मिसळू नये, म्हणून सीएमएसच्या शास्त्रज्ञांनी त्या वर्षी परीक्षांचे नियम पक्के होईपर्यंत महत्त्वाच्या भागातील नवी माहिती पाहिलीच नव्हती.

पुढे डिसेंबर २०१५ मध्ये याच दोन गटांना फोटॉनांच्या जोड्यांत आणखी एक लहान उंचवटा दिसला. जगभर चर्चा झाली, शेकडो लेख लिहिले गेले. पण जास्त माहिती गोळा होताच, ऑगस्ट २०१६ पर्यंत तो विरून गेला. नाणे उडवताना कधी सलग सहा वेळा छाप पडावा, तसा तो योगायोग होता. दोन्ही गटांनी ही गोष्ट जगाला मोकळेपणाने सांगितली.

मुलांनो, पहिला उंचवटा टिकला, दुसरा टिकला नाही. पण दोन्ही वेळा पारखण्याची रीत एकच होती. हवे ते दिसले तरी पुन्हा तपासावे, आणि तपासाअंती जे निघेल ते मान्य करावे. विज्ञानावर आपण विश्वास ठेवतो, तो या सवयीमुळेच.

स्वाध्याय

१. फोटॉन वाटेची खूण का ठेवत नाही?
२. पायॉनला ‘तोतया’ का म्हटले आहे?
३. परीक्षा फार कडक केल्यास काय नुकसान होते?
४. ‘नजर चुकवणे’ आणि ‘विरून जाणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.