समुद्राला खंड भरणारे शेत

यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर, फ्लॅम्बरोच्या भूशिरापासून स्पर्नच्या वाळूच्या दांड्यापर्यंत सुमारे ६० किलोमीटर पसरलेल्या होल्डरनेस प्रांतातील कॅरॅव्हॅन-आवारांविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाळू, आइस्क्रीम आणि मुलांचा कलकलाट असावा.

पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नामक निवृत्त आरमारी शल्यविशारदाने केवळ सहलीसाठी ‘वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधवून घेतली. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेला उत्तेजन मिळाले. आणि १९६० च्या कायद्याने अशा आवारांना स्थानिक सरकारचा परवाना आवश्यक ठरला. मधल्या काळात कित्येक शेतकरी कुटुंबांना उमगले होते, की समुद्रालगतच्या कुरणात गुरांपेक्षा पाहुणे अधिक उत्पन्न देतात.

मला गुंतवून ठेवले ते चाकांच्या आसाने. कायम मुक्कामाच्या कॅरॅव्हॅनला नळ, मोरी व वीज जोडलेली असते, ती टेकूंवर उचलून काँक्रीटच्या फरशीवर बसविलेली असते, वाऱ्याने उलथू नये म्हणून साखळदंडांनी जखडलेली असते. तरीही झालरीआड तिची चाके शाबूत ठेवतात, कारण एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येण्याजोगे निवासस्थान, हीच तिची कायदेशीर व्याख्या आहे. इतरत्र ही चाके केवळ व्याख्येपुरती उरली आहेत. होल्डरनेसला ती खरोखर फिरतात. हंगाम संपल्यावर घरातलाच कोणी मुलगा नळातले पाणी काढतो, जोडण्या सोडवतो, वर्षानुवर्षे निजलेल्या टायरांत हवा भरतो आणि ट्रॅक्टरला आकडा अडकवून कड्यालगतची रांग मागे ओढतो. ओल्या चिकणमातीत ट्रॅक्टरच रुतण्याची धास्ती असल्याने कोरड्या आठवड्याची वाट पाहावी लागते, आणि नेमका त्याच ऋतूत समुद्र वाट पाहत नाही. या कामाविषयी मला नितांत आदर वाटतो. विम्याच्या कोणत्याही कागदापेक्षा तो ट्रॅक्टर अधिक भरवशाचा आहे.

कडा हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोटेमिश्रित मातीचा. पाऊस त्याला आतून फुगवितो, लाटा पायथा कोरतात. वर्षाकाठी सरासरी सुमारे २ मीटर जमीन जाते, परंतु हिशेब सरासरीने चुकता होत नाही: एखादे वर्ष काहीच जात नाही, मग एका वादळात अनेक मीटर जातात. १९५१ पासून स्थानिक सरकार किनाऱ्यावर खुंट रोवून ही झीज मोजीत आले आहे. मॅपलटन गावी १९९१ मध्ये दगडी बांध घातले. गाव व रस्ता बचावला, परंतु दक्षिणेकडे जाणारी वाळू अडल्याने तिकडील शेते अधिक वेगाने खचू लागली. एकाकी शेतासाठी तटबंदी बांधली जात नाही, गेलेल्या जमिनीची भरपाईही सरकार देत नाही. आवार आत सरकविण्याची परवानगी मिळू शकते. मात्र मागे स्वतःची जमीन हवी, आणि नवी फरशी, नळ, मोरी, वीज हा सारा खर्च मालकाचा.

३०० मीटर खोलीचे शेत धरले तर कागदावर १५० वर्षांची बेगमी दिसते. वास्तविक प्रत्येक मागे सरकणारी रांग गव्हाचे शेत खाते, म्हणजे तेच शेत दोन बाजूंनी आखडते. आणि शेताच्या मागे रस्ता किंवा परक्याची हद्द लागली, की चाके असून उपयोग नाही. नवी फरशी घालण्यासाठी कर्ज मागणाऱ्या मुलाला सावकाराने विचारावा असा प्रश्न एकच आहे: परतफेडीची मुदत आधी संपेल, की तारण?