खूण, निवाडा आणि शेपटीवरचा थेंब

मित्रहो, मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. ‘पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे’ हे नैयायिकांचं लाडकं उदाहरण. आज तोच प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी घेऊन जातो: डुकराच्या शुक्रपेशीत. हसू नका, विषय गंभीर आहे.

वृषणात शुक्रपेशी घडते तेव्हा तिला आपलं बहुतेक पेशीद्रव टाकून द्यावं लागतं, कारण ओझं घेऊन पोहता येत नाही. टाकलेला बराचसा भाग शेजारच्या सर्टोली पेशी गिळून टाकतात. तरी थोडं उरतंच. ते मानेजवळ थेंबासारखं चिकटून राहतं. पुढे अधिवृषणाच्या लांबलचक नळीतून प्रवास करताना हा थेंब मानेकडून खाली, शेपटीच्या मध्यखंडाच्या टोकापर्यंत सरकतो आणि शेवटी गळून पडतो. म्हणजे थेंब असणं हा मुळात दोष नाही, ती वाढीची एक पायरी आहे. वीर्य बाहेर आल्यावरही तो मानेशीच असेल, तर मात्र पेशी अपक्व राहिली असं समजतात. कडक उन्हाळ्यात किंवा नराचं वीर्य फार वरचेवर घेतलं तर असे थेंब वाढतात.

आता खुणेकडे येऊ. युबिक्विटिन नावाचं 76 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन आहे. नको असलेल्या प्रथिनाला त्याची साखळी जोडली जाते, आणि प्रोटिएझोम नावाचं यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. या शोधासाठी सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी 2001 मध्ये पीटर सुटोव्स्की आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला: अधिवृषणात सदोष शुक्रपेशींच्या पृष्ठभागावर युबिक्विटिन बसतं, आणि त्यांतल्या काही तिथेच गिळल्या जातात. यातून एक चाचणी सुचली. युबिक्विटिनला चिकटणारी चमकती प्रतिपिंडं वापरायची, फ्लो सायटोमीटरमधून हजारो पेशी सोडायच्या आणि चमक मोजायची. वराहांच्या वीर्यावरही ती करून पाहिली गेली. चमक जास्त, तर वीर्य कमी प्रतीचं, असा हिशेब.

इथे नैयायिक हात वर करतो. तो म्हणेल, ‘धुरावरून अग्नी’ ठीक, पण ‘अग्नीवरून धूर’ ठीक नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धुराला ओलं इंधन लागतं. त्या लपलेल्या अटीला तो ‘उपाधी’ म्हणतो.

आपली उपाधी तो थेंबच आहे! थेंबात टाकाऊ पेशीद्रव असतं, आणि युबिक्विटिन-प्रोटिएझोमची सामग्रीही असते. म्हणजे चमक दिसली तर ती कशाची? डोक्याच्या वा शेपटीच्या बिघाडाची, की नुसत्या न गळलेल्या थेंबाची? यंत्र एकच आकडा देतं. आकड्याला जागा कळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणं सुटत नाही.

आणखी एक गंमत पाहा. युबिक्विटिनची खूण म्हणजे ‘मृत्युदंड’ असं आपण सहज म्हणतो. पण एकटं युबिक्विटिन जोडलं, किंवा साखळी वेगळ्या प्रकारे बांधली, तर अर्थ बदलतो; पेशी ती खूण इतर कामांसाठीही वापरते. शिवाय खूण असलेल्या पेशी वीर्यात सापडतात, म्हणजे त्या सुटून आल्याच ना! खूण म्हणजे निवाडा नव्हे, फार तर आरोपपत्र.

कुणी विचारेल, एवढा काथ्याकूट कशाला? कारण या आकड्यावर एखादा नर पैदाशीतून बाद होऊ शकतो. उद्या तसाच आकडा माणसाच्या अहवालात आला, तर मूल हवं असलेलं एक जोडपं रात्रभर तो कागद हातात धरून बसेल. त्यांना डॉक्टरांना विचारता यायला हवं: ही खूण नेमकी कुठे आहे, आणि तिच्यामागे उपाधी कोणती?

अनुमान चुकत नाही, मित्रहो. घाई चुकते.