दाटी आहे, मनोरे नाहीत

एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद जमीन. एवढ्यात रस्त्यांसकट शंभर घरं बसवायची. अट अशी की, बहुतेक घरं तीन मजल्यांचीच हवीत आणि त्यांची दारं थेट रस्त्यावर उघडायला हवीत. हिशेब जुळणारच नाही, असं वाटतं ना? ॲमस्टरडॅमच्या जुन्या गोदीत तो जुळला आहे!

बोर्निओ आणि स्पोरेनबुर्ख हे पाण्यात घुसलेले दोन लांबट धक्के. बंदराचा कारभार पश्चिमेला सरकला आणि पूर्वेची ही गोदी ओस पडली. १९९०च्या दशकात तिथे सुमारे २५०० घरं बांधायचं ठरलं. मनोरे उभारणं सोपं होतं. पण मुलाबाळांची कुटुंबं जमिनीलगतच्या घरासाठी उपनगरं गाठत होती. त्यांना शहरातच तसं घर द्यायचं होतं.

आद्रियान ख्यूझे यांच्या ‘वेस्ट एट’ संस्थेने आराखडा केला. त्यात पुढे अंगण नाही, मागे परसू नाही. बहुतेक घरं पाठीला पाठ लावून उभी. मग उजेड कुठून येणार? त्यासाठी भूखंडाचा ३० ते ५० टक्के भाग मोकळा सोडायचा, पण घराच्या पोटात, वाड्यातल्या चौकासारखा. शिवाय तळमजला साडेतीन मीटर उंच, म्हणजे अरुंद घरातही उजेड आतपर्यंत पोहोचतो.

एका गल्लीतले ६० भूखंड तर थेट राहणाऱ्यांनाच दिले. ज्याने त्याने आपापला वास्तुविशारद निवडला. म्हणून भिंतीला भिंत असूनही एका घराचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. एकाच्या दर्शनी चौकटीआड चक्क झाड लावलेलं! या गल्लीतल्या घरांची मागची बाजू सरळ कालव्यात उतरते. मोठ्या बागा फारशा नाहीत. मोकळी जागा म्हणजे हे पाणीच.

मोजक्या मोठ्या इमारतींपैकी एक ‘व्हेल’, २१४ सदनिकांची. तिच्या दोन बाजू जमिनीपासून उचलल्या आहेत आणि छप्पर तिरकं केलं आहे, आतल्या चौकात ऊन यावं म्हणून.

आपल्याकडे दाटी म्हटली की एफएसआयचा (चटईक्षेत्र निर्देशांकाचा) आकडा आणि मनोरे डोळ्यांपुढे येतात. पण एफएसआय फक्त किती बांधायचं ते सांगतो, कसं रचायचं ते नाही. तुमच्या शहरातल्या किनाऱ्याचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, तर आकड्यावर थांबू नका. घरात ऊन कुठून येणार आणि पाण्यापर्यंत कोणाला जाता येणार, हेही लेखी विचारा.