चित्र काढणारं कार्ड एक, दाखवणारं दुसरं

पुण्याच्या विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या पट्ट्यात अभियांत्रिकी शिकणारी आणि येरवडा-खराडीच्या आयटी कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी पुष्कळ. त्यांच्यातल्या ज्यांनी पार्ट जमवून स्वतःचा डेस्कटॉप जोडला आहे, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण प्रोसेसरमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्सही आहेच. मग कामाप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जायचं कसं? दर वेळी कॅबिनेटमागची केबल काढून दुसरीकडे खोचायची का?

तशी गरज नाही, आणि ती का नाही हे समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावरच्या चित्रामागे दोन वेगळी कामं असतात. आकडेमोड करून प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवायचा आणि तो मेमरीत मांडून ठेवायचा, हे पहिलं. ती मेमरी सेकंदाला 60 वेळा वाचून केबलवाटे मॉनिटरकडे धाडायची, हे दुसरं. पंगतीत आचारी एक असतो आणि वाढपी दुसरा, तशी ही विभागणी. दोन्ही कामं एकच कार्ड करताना बघायची सवय झाल्यामुळे ती वेगळी आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही.

एका डेस्कटॉपमध्ये दोन कार्डं ही कल्पना जुनी आहे. 1996 साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं. त्याला फक्त त्रिमितीय चित्रं काढता येत. डेस्कटॉपवरच्या खिडक्या आणि अक्षरं दाखवायला नेहमीचं कार्ड मशीनमध्ये ठेवावंच लागे. त्या कार्डाची केबल व्हूडूत शिरायची आणि व्हूडूची मॉनिटरला. गेम सुरू झाला, की व्हूडू मागून येणारा सिग्नल अडवून स्वतःचा पुढे पाठवायचं. हा बदल केबलवरच होत असल्यामुळे एका वेळी सबंध पडदा एकाच कार्डाच्या ताब्यात असे. व्हूडूवरचे गेम छोट्या खिडकीत न चालता पूर्ण पडदाभरच चालत, त्याचं कारण हेच.

आज केबलला हात लावावा लागत नाही. एका कार्डानं काढलेलं तयार चित्र दुसऱ्याच्या मेमरीत नकलून टाकलं जातं आणि ते दुसरं कार्ड मॉनिटरकडे पाठवतं. एनव्हिडियानं 2010 मध्ये ‘ऑप्टिमस’ नावानं हीच युक्ती लॅपटॉपमध्ये आणली. एवढं चित्र सतत नकलायचं म्हणजे किती ओझं? हिशेब सोपा आहे. 1920 गुणिले 1080 म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार पिक्सेल. प्रत्येकाला 4 बाइट धरले तर एक चित्र साधारण 8.3 मेगाबाइटचं. सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे जवळपास अर्धा गिगाबाइट. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, त्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या 16 लेनमधून एका दिशेनं सेकंदाला जवळजवळ 16 गिगाबाइट जाऊ शकतात. म्हणजे रस्त्याचा जेमतेम तीन टक्के भाग या नकलेला लागतो. एवढ्याशा किमतीत दोन कार्डं एकाच पडद्यावर नांदतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काढणं आणि दाखवणं किती दूर जाऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण पुण्यातच आहे. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत 63 वा होता. त्यात एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए100 जातीच्या 42 यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीत आठ ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे एकूण 336. या ए100 ला मॉनिटर जोडायचं सॉकेटच नसतं. तो फक्त आकडेमोड करतो.

घरच्या मशीनवर निवड कशी करायची? विंडोज 10 च्या एप्रिल 2018 च्या अपडेटपासून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’ हा भाग आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमपुढे वीज वाचवणारी चिप हवी की ताकदवान, ते नेमून देता येतं. प्रोग्रॅम मात्र बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, कारण त्याचा सगळा माल आधीच्या कार्डाच्या मेमरीत उतरलेला असतो. लिनक्सवर अनेकदा आज्ञेच्या आधी DRI_PRIME=1 एवढं लिहिलं तरी भागतं.

केबल कुठे लावायची, हे कामावर ठरवावं. वेगवान गेम खेळणाऱ्यानं ती थेट मोठ्या कार्डाला लावावी. नकलेत जाणारा क्षणभराचा उशीर वाचतो. घरी एआयची मॉडेलं चालवणाऱ्यानं उलट करावं. मॉनिटर मदरबोर्डला जोडला, की डेस्कटॉप आणि ब्राउझर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर जातात आणि मोठ्या कार्डाची मेमरी मॉडेलसाठी मोकळी राहते. आठ गिगाबाइटच्या कार्डावर हा फरक चांगलाच जाणवतो.

मोठं कार्ड बसवताच पुष्कळ मदरबोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावं लागतं. आणि प्रोसेसर घेतानाच खोक्यावरचा क्रमांक नीट वाचावा. इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतात, आणि मग मदरबोर्डवरच्या एचडीएमआय सॉकेटमध्ये केबल खोचली तरी पडदा काळाच राहतो.