इंग्रजीतले ‘गरम पाणी’

इंग्रजी वाक्प्रचारांच्या यादीत ‘टु बी इन हॉट वॉटर’ हमखास असतो. मार्गदर्शकात त्याच्यापुढे ‘संकटात सापडणे’ एवढाच अर्थ छापलेला असतो. आम्हीही पंचवीस वर्षे फळ्यावर तोच लिहून देत आलो. तो अर्धाच आहे, हे आम्हाला एका विद्यार्थ्याच्या अर्जामुळे कळले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेला महापूर आला. आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढच्या शिक्षणाला गेलेल्या एका मुलाच्या घराची भिंत पडली, उभा ऊस पाण्याखाली कुजला. फीच्या सवलतीसाठी त्याने अर्ज करायचे ठरवले. मराठी अर्ज घेतील की नाही ही धास्ती. कन्नड बोलता येते, पण अर्ज लिहिण्याचा सराव नाही. म्हणून त्याने तो इंग्रजीत लिहिला. त्यात वाक्य होते, ‘माय फादर इज इन हॉट वॉटर.’ अर्ज वाचणाऱ्या साहेबांनी विचारले, “वडिलांनी काय केलंय? केस-बिस आहे काय?” पोराला काही सुचेना. अर्ज बाजूला पडला. पुढे समितीतर्फे आम्ही दोघे गेलो, तलाठ्याचा दाखला जोडला, खुलासा केला, तेव्हा सवलत मिळाली.

साहेबांचे चुकले नव्हते आणि मुलाचेही नव्हते. चूक आमच्या फळ्यावरची होती.

‘हॉट वॉटर’मध्ये माणूस बहुधा स्वतःच्या करणीने पडतो. त्याने काहीतरी केलेले किंवा बोललेले असते आणि त्याचा जाब विचारणारा कोणीतरी असतो. म्हणूनच ज्याचा रोष ओढवला त्याच्या आधी ‘विथ’ येते आणि कारणाच्या आधी ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’. ‘ही गॉट इंटू हॉट वॉटर विथ हिज बॉस फॉर कमिंग लेट’ म्हणजे उशिरा येण्यामुळे त्याला साहेबांची बोलणी खावी लागली. ‘गेट इंटू’ किंवा ‘लँड इन’ म्हटले की अडचणीत येण्याची क्रिया, ‘बी इन’ म्हटले की त्यात असण्याची स्थिती. दुष्काळ, आजारपण, महापूर यांनी गांजलेल्या माणसाला सहसा कोणी ‘हॉट वॉटर’मध्ये आहे असे म्हणत नाही.

मग आपल्याकडे याला जवळचा शब्द कोणता? गोत्यात येणे. अंगाशी येणे, अंगलट येणे हेही त्याच घरचे. भलत्या कागदावर सही करून जामीन राहिलेला माणूस गोत्यात येतो. पुरात घर गेलेल्यावर मात्र संकट कोसळते. हा भेद आपल्या आजीलाही न शिकवता कळत होता. तो मराठीत नीट ओळखला असता, तर इंग्रजीतही चुकला नसता.

अडचणीसाठी इंग्रजीत इतरही प्रयोग आहेत. ‘इन अ पिकल’ म्हणजे शब्दशः लोणच्यात. पण अर्थ आपल्या पंचाईतीसारखा, बराचसा हलकाफुलका. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकातही हा प्रयोग आहे, तिथे त्याला दारूच्या नशेचा संदर्भ आहे. ‘इन डीप वॉटर’ म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरच्या प्रकरणात अडकणे. ‘इन अ टाइट कॉर्नर’ म्हणजे कोंडी होणे, पेचात सापडणे. हा ‘पेच’ मूळचा फारसी. मराठीत आला तसा कन्नडातही ‘पेचु’ होऊन नांदतो आहे. सीमाभागातल्या मुलाला तो दोन्हीकडे भेटतो. ही त्याची अडचण नव्हे, भांडवल आहे. शिकवणाऱ्यांनी ते वापरावे.

तेव्हापासून आम्ही वर्गात नुसता अर्थ लिहून देत नाही. आधी तीन प्रश्न विचारतो : चूक कोणाची? रागावणारा कोणी आहे का? हे मित्राला सांगायचे आहे की सरकारदरबारी लिहायचे आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हे सगळे वाक्प्रचार गप्पांचे आणि बातम्यांचे. अर्जात ते नकोतच. घर पडले, ऊस गेला, फी भरता येत नाही, असे सरळ लिहावे.

गावोगावच्या पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाने इंग्रजीत अर्ज लिहिला की त्याला विचारा, “बाळा, यात काय लिहिलंयस ते मराठीत सांग.” त्याला ते धड मराठीत सांगता आले, तरच तो कागद कचेरीत जाऊ द्या.