हिरडी आणि दोरा

दात घासण्याचा परिपाठ आपल्याकडे फार जुना आहे. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, राखुंडी, दंतमंजन आणि आता ब्रश, अशी साधने बदलत गेली. परंतु या सर्वांची मर्यादा एकच राहिली. दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची या तीन बाजूंवर ब्रश सहज फिरतो. शेजारच्या दातांना भिडलेल्या उरलेल्या दोन बाजूंपर्यंत मात्र त्याचे केस नीट पोहोचत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी दातांच्या फटीत बारीक दोरा घालून ती साफ करण्याची पद्धत निघाली. या दोऱ्याला 'फ्लॉस' असे म्हणतात. लेव्ही स्पिअर पार्मली या अमेरिकन दंतवैद्याने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याची शिफारस केली होती. पुढे विसाव्या शतकात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण कृपणांसाठी आहे. दंतवैद्यांनी ती मनावर घेतलेली दिसत नाही.

एखादा मनुष्य दंतवैद्याच्या सांगण्यावरून मोठ्या उत्साहाने दोरा वापरू लागतो. दोन-तीन दिवसांतच त्याच्या हिरड्या हुळहुळू लागतात. दोऱ्याला रक्ताचा तांबूस डाग दिसतो. जेवताना तिखट झोंबते. मग तो साहजिकच विचार करतो, की ज्याने रक्त येते ते हितकारक कसे असेल? आणि दोरा कपाटात जातो. हा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. परंतु बहुतेक वेळा त्यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट झालेली असते.

दातांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर सतत साचत असतो. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा मळ आपल्या भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. हा थर हिरडीच्या कडेशी साचून राहिला की शरीर त्या जंतूंचा प्रतिकार करू लागते. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल होऊन सुजते आणि तिचे आतले अस्तर नाजूक बनते. अशा हिरडीला नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते. दुःखाची गोष्ट अशी, की ही सूज प्रारंभी मुळीच ठणकत नाही. त्यामुळे ती कित्येक महिने तशीच राहते आणि माणसाला तिची वार्ताही नसते. दोरा आत शिरतो तेव्हा ती प्रथम उघडकीस येते.

हे केवळ अनुमान नाही. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविले. त्यांत बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, हे विशेष! दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा नियमाने सफाई सुरू केली, तेव्हा सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. सूज कशाने येते आणि कशाने उतरते, याचा असा स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

म्हणूनच दोरा रोज हलक्या हाताने वापरत राहिल्यास साधारणपणे एक-दोन आठवड्यांत दुखणे व रक्त दोन्ही थांबतात. नव्याने कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला आधी फोड येतात व मग घट्टे पडतात, तसा प्रकार येथे नाही. हिरडी दोऱ्याला निर्ढावत नाही. ती बरी होते.

तथापि दोऱ्याने खरोखर इजा होतच नाही, असे मात्र नव्हे. फट अरुंद असली म्हणजे पुष्कळजण दोरा जोराने खाली दाबतात. तो एकदम सटकतो आणि दोन दातांमधील हिरडीच्या कोवळ्या टोकाला कापतो. हे दुखणे एकाच जागी आणि तीव्र असते. सुजलेल्या हिरड्यांचे हुळहुळणे पसरलेले असते. दोरा सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे एक हात लांब घ्यावा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवावा. तो हळूच मागेपुढे सरकवीत फटीत उतरवावा. मग एका दाताला अर्धचंद्रासारखा वेढा देऊन हिरडीच्या कडेच्या किंचित आतपासून वरपर्यंत पुसावा व त्यानंतर दुसऱ्या दाताला तसेच करावे. प्रत्येक फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. दुखत असेल तेव्हा कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरल्याने बरे वाटते.

दोऱ्याच्या उपयोगाविषयीचे संशोधन अजून फार भक्कम नाही. २०१९ साली पस्तीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा ब्रशाच्या जोडीला दोरा वापरल्याने हिरड्यांची सूज कमी होत असावी, एवढेच सांगता आले. ज्यांच्या फटी रुंद आहेत त्यांना बारीक गोल ब्रश अधिक सोयीचा पडतो.

दोन आठवडे नीट सफाई करूनही रक्त थांबत नसेल, तर दंतवैद्याकडे जावे. साचलेला थर कठीण होऊन त्याचे कीटण बनले असेल, तर ते दोऱ्याने निघत नाही. हत्यारानेच काढावे लागते. मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे यांमुळेही हिरड्यांतून अधिक रक्त येऊ शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट आहे. तंबाखूने हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे आत रोग वाढत असूनही रक्त फारसे येत नाही, आणि दोऱ्यावर डाग दिसला नाही म्हणून तो मनुष्य निश्चिंत राहतो.